दुर्गम प्रदेश आणि वास्तुविशारद

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या शहरांत सिमेंटचें दुकान हांकेच्या अंतरावर असतें, नाक्यावर सकाळीं गवंडी आणि बिगारी कामाची वाट पाहत उभे असतात आणि विटांची गाडी दारापर्यंत येते, त्या शहरांतही घर बांधणाऱ्यास या म्हणीची प्रचीति आल्यावांचून राहत नाहीं. मग ज्या गांवास सडक नाहीं, वर्षांतून चार महिने जेथील वाट पुरानें किंवा बर्फानें बंद होते, आणि जेथें खिळ्यापासून कांचेपर्यंत प्रत्येक वस्तु पाठीवरून वाहून न्यावी लागते, त्या गांवीं दवाखाना किंवा शाळा उभारणें किती कठीण असेल, याची कल्पनाच करावी.

आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा थोडासा इतिहास सांगण्याचें मीं योजिलें आहे. वास्तुविशारद, म्हणजे ज्यास आपण आर्किटेक्ट म्हणतों तो गृहस्थ, दुर्गम प्रदेशांत गेला म्हणजे त्याच्यापुढें कोणत्या अडचणी उभ्या राहतात, त्या अडचणींतूनच त्यास कोणती संधि लाभते, आणि त्या संधीचें कोणीं काय केलें, हें तीन-चार उदाहरणांवरून पाहूं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें; वास्तुशास्त्र हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु घराविषयीं बोलण्याचा अधिकार जसा बांधणाऱ्यास आहे तसा त्यांत राहणाऱ्यासही आहे, एवढ्याच आधारावर मी हें धाडस करीत आहें.

प्रथम अडचणींचा विचार करूं. पहिली अडचण मालाची. सिमेंटच्या गोणीची किंमत कारखान्याच्या दारांत एक असते आणि खेचराच्या पाठीवरून डोंगर चढून गेल्यावर ती निराळीच होते. दुसरी अडचण हातांची. सळया वांकविणारा, कांक्रीट कालविणारा कारागीर तेथें नसतो. जो असतो त्याचें कसब दगड, माती, बांबू किंवा देवदार यांतलें असतें, आणि शहरांतून आलेल्या पाहुण्यास तें कसब वाचतां येत नाहीं. तिसरी अडचण ऋतूची. काम करण्याजोगे महिने थोडे. त्यांतही पेरणी-कापणीच्या दिवसांत मजूर आपल्या शेतावर जाणार, आणि त्यानें जावें हेंच योग्य.

चौथी अडचण सहसा कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं. वास्तुविशारदाचें मानधन बहुधा बांधकामाच्या एकूण खर्चावर शेंकडा अमुक अशा रीतीनें ठरतें. अर्थात् खर्च वाढला कीं प्राप्ति वाढते, आणि जो काटकसर करील त्याच्या पदरीं कमी पडतें. डोंगरांतल्या एखाद्या गरीब कुटुंबाच्या घरावर शेंकडा पांच मिळाले, तरी ते त्याच्या जाण्यायेण्याच्या भाड्यासही पुरावयाचे नाहींत. म्हणून दुर्गम प्रदेशांत जे वास्तुविशारद गेले त्यांच्या पाठीमागें सरकार, सेवाभावी संस्था अथवा स्वतःच्या गांवाचें ऋण असें कांहींतरी उभें होतें. पैसा कोणाचा आणि हेतु कोणाचा, हा धागा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व उदाहरणांत तो आपणांस उपयोगी पडणार आहे.

पहिलें उदाहरण मिसर देशांतील आहे. हसन फथी यांचा जन्म १९०० सालीं अलेक्झांड्रिया येथें झाला. कैरो येथें वास्तुविद्येचें शिक्षण घेऊन ते पुढें ती विद्या शिकवूंही लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें लोखंड आणि लाकूड यांची टंचाई पडली. तेव्हां फथींच्या मनांत आलें कीं, ज्या कच्च्या विटांच्या भिंती शेतकरी हजारों वर्षें उभारीत आला, त्याच विटांचें छप्परही कां करूं नये? परंतु विटांची कमान बांधावयाची म्हणजे खालीं लाकडी सांचा लागतो, आणि लाकूडच नव्हतें. सांच्यावांचून बांधून पाहिलेल्या कमानी कोसळल्या. त्या वेळीं अस्वानच्या धरणावर काम करणाऱ्या त्यांच्या बंधूंनीं त्यांस सांगितलें कीं, तिकडील न्यूबियन लोक सांच्यावांचूनच कमानी बांधतात. १९४१ सालीं फथी अस्वानला गेले, आणि तेथें त्यांनीं ही विद्या डोळ्यांनीं पाहिली.

त्या गवंड्यांची युक्ति अगदीं साधी होती. खोलीच्या एका टोकाची भिंत आधीं उंच चढवावयाची, तिच्यावर मातीनेंच कमानीची रेघ काढावयाची, आणि विटांचें पहिलें कडें त्या भिंतीस टेकवून किंचित् तिरपें बसवावयाचें. विटेंत भुसा अधिक घातलेला, म्हणून ती हलकी. तिच्या एका अंगावर बोटांनीं ओरखडे काढलेले, म्हणून ती ओल्या मातीस घट्ट धरून बसे. दुसरें कडें पहिल्यावर टेके, तिसरें दुसऱ्यावर, आणि अशा रीतीनें सबंध खोली झांकली जाई. हत्यार म्हणावें तर हातांत एक वाकस. याच रीतीनें बांधलेलीं मातीचीं कोठारें लक्झरजवळ रामेसियमच्या देवळापाशीं तीन हजारांहून अधिक वर्षें उभीं आहेत. वास्तुविद्येच्या अध्यापकास जें साधलें नाहीं, तें विद्यापीठाचें तोंडही न पाहिलेल्या गवंड्यांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या वसत होतें. फथींचा मोठेपणा हा कीं, त्यांनीं त्या गवंड्यांस गुरुस्थानीं मानलें.

पुढें १९४५ च्या सुमारास मिसरच्या पुराणवस्तु खात्यानें फथींवर एक मोठें काम सोंपविलें. लक्झरजवळ नाईल नदीच्या पश्चिम तीरावर गुर्ना नांवाची वस्ती होती. तेथील सुमारें सात हजार लोक प्राचीन सरदारांच्या थडग्यांच्या वरच घरें करून राहत. थडग्यांतील वस्तूंची चोरी होते, म्हणून ही वस्ती उठवून नव्या जागीं वसवावी असें सरकारनें ठरविलें. फथींनीं कच्च्या विटांचें नवें गुर्ना आंखलें. त्यांत मशीद, बाजार, शाळा, नाटकगृह आणि अंगणाभोंवतीं खोल्या असलेलीं थंडगार घरें होतीं. सर्व घरें एकाच सांच्यांतून काढावयाचीं नाहींत, कुटुंबागणिक निराळीं करावयाचीं, असा त्यांचा आग्रह होता.

तथापि ज्यांच्यासाठीं हें गांव बांधलें तेच तेथें येण्यास राजी नव्हते. ज्या थडग्यांच्या आसऱ्यानें त्यांची उपजीविका चाले, तेथून त्यांस दूर नेणें हाच मुळीं सरकारचा हेतु होता. शिवाय घुमट हें त्यांच्या दृष्टीनें कबरीचें चिन्ह. निजावयाच्या खोलीवर तो त्यांस रुचेना. एका रात्रीं पुराचें पाणी अडविणारा बांध कोणीतरी फोडला आणि नव्या गांवांत पाणी शिरलें. १९४८ च्या सुमारास काम थांबलें. योजिलेल्या घरांपैकीं थोडींच पुरीं झालीं. पुढें कित्येक घरें पडलीं, कित्येकांच्या जागीं कांक्रीटचे मजले चढले. मशीद मात्र टिकून राहिली. फथींनीं या अनुभवावर १९६९ सालीं पुस्तक लिहिलें, तें जगभर गाजलें, आणि रहिवाशांनीं नाकारलेलें हें गांव वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांचें तीर्थस्थान बनलें.

यांत दोष कोणाचा? माती निर्दोष होती, गवंडी निष्णात होते, वास्तुविशारद सहृदय होता. परंतु पैसा सरकारचा होता आणि हेतु थडगीं राखण्याचा होता. फथी गवंड्यांचे शिष्य झाले. रहिवाशांस मात्र ‘तुम्हांस येथें यावयाचें आहे काय?’ हें विचारण्याची मुभाच त्यांस नव्हती.

दुसरें उदाहरण आपल्या देशांतील, आणि माझ्या मतें सर्वांत बोधप्रद. लॉरी बेकर यांचा जन्म १९१७ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें झाला. तेथेंच ते वास्तुविद्या शिकले. क्वेकर पंथाचे असल्यामुळें युद्धकाळांत त्यांनीं शस्त्र न धरतां रुग्णसेवेचें पथक पत्करलें आणि चीनमध्यें काम केलें. युद्धाच्या अखेरच्या काळांत मायदेशीं परततांना जहाजाची वाट पाहत त्यांस कांहीं महिने मुंबईस राहावें लागलें. तेथें त्यांची गांधीजींशीं भेट झाली. बेकर यांच्या पायांत चीनमधील रीतीचे, कापडाच्या चिंध्यांचे जोडे होते. गांधीजींचें लक्ष प्रथम त्यांकडेच गेलें. पुढें घरांविषयीं बोलणें निघालें तेव्हां गांधीजींनीं त्यांस अशा आशयाचें सांगितलें कीं, आदर्श गांवांतील घरास लागणारा सारा माल पांच मैलांच्या परिसरांत मिळणारा असावा. हा विचार त्यांच्या केवळ बोलण्यांतला नव्हता. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत माती, बांबू आणि कौलें यांनीं बांधलेल्या कुटींत ते स्वतः राहत होते.

१९४५ मध्यें बेकर पुन्हां हिंदुस्थानांत आले. कुष्ठरोग्यांसाठीं काम करणाऱ्या एका मिशनची जुनीं आश्रयस्थानें रुग्णालयांत रूपांतरित करण्याचें काम त्यांच्याकडे होतें. येथील माल पाहून ते गोंधळून गेले. जांभा दगड, कच्च्या विटा, शेणमाती यांविषयीं त्यांच्या शिक्षणांत एक अक्षरही नव्हतें. १९४८ सालीं त्यांचा विवाह डॉक्टर एलिझाबेथ जेकब या केरळीय बाईंशीं झाला. विवाहानंतर दोघेंही कुमाऊंच्या डोंगरांत पिथौरागडाकडे पायीं फिरावयास गेलीं. नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमेलगतचा तो मुलूख. जवळपास डॉक्टर नाहीं. त्यामुळें बाई डॉक्टर आहेत असें कळतांच दारीं रोग्यांची रीघ लागली. फिरावयास गेलेलें हें जोडपें तेथेंच राहिलें आणि १९६३ पर्यंत हललें नाहीं.

श्रोतेहो, गुर्ना आणि पिथौरागड यांतील भेद येथेंच दिसून येतो. बेकर यांस कोणी वस्ती उठविण्याकरितां पाठविलें नव्हतें. गांवास दवाखाना हवा होता आणि तो कोणीतरी बांधावयास हवा होता. पत्नीनें वैद्यक करावें, पतीनें रुग्णसेवेंत हातभार लावावा आणि उरलेल्या वेळांत भिंत चढवावी, असा त्यांचा क्रम होता. मानधनाच्या टक्केवारीचा प्रश्नच तेथें उद्भवला नाहीं. असे गृहस्थ विरळा, हें खरें; आणि विरळा माणसांच्या भरंवशावर देशाची व्यवस्था चालत नाहीं, हेंही तितकेंच खरें. परंतु त्यांना तेथें जें शिकावयास मिळालें तें सर्वांच्या उपयोगाचें आहे.

कुमाऊंतील जुनें घर ज्यानें पाहिलें असेल त्यास त्यांतील शहाणपण सांगावें लागत नाहीं. शेतीस योग्य अशी सपाट जमीन डोंगरांत सोन्याच्या मोलाची. म्हणून घर खडकाळ उतारावर, उताराच्या अंगानें लांबट बांधावयाचें. जागा साफ करतांना जो दगड निघतो त्याचीच भिंत, पातळ पाथरांचें छप्पर, जवळच्या वनांतील लाकडाच्या तुळया आणि नक्षीदार दारें. खालच्या मजल्यावर गुरांचा गोठ. त्यांच्या ऊबेनें वरची खोली उबदार राहते. अशीं घरें एकास एक लागून ओळीनें असतात, त्या ओळीस तिकडे ‘बाखली’ म्हणतात. शेजाऱ्याची भिंत सामाईक, त्यामुळें दगडही वांचतो आणि थंडीही अर्धी होते.

हीं घरें न्याहाळतांना बेकर यांच्या ध्यानांत आलें कीं, यांतील एकही गोष्ट हौशीखातर केलेली नाहीं. प्रत्येक गोष्ट शेंकडों वर्षांच्या अनुभवानें पारखून ठेवलेली आहे. त्यांनीं आपल्याबरोबर आणलेली नकाशाची रीत बाजूस ठेवली आणि स्थानिक गवंड्याच्या शेजारीं बसून ते काम शिकले. त्यांनीं तेथें दवाखाना बांधला, स्वतःचें घर बांधलें, आणि तेंही त्याच दगडमातीचें.

या शिक्षणाचें फळ पुढें केरळांत दिसलें. तिरुवनंतपुरमला गेल्यावर त्यांनीं कुमाऊंचें दगडी घर तेथें नेऊन ठेवलें नाहीं; त्यांनीं नेली ती कुमाऊंची काटकसर. विटा आडव्या न मांडतां कडेवर उभ्या मांडावयाच्या, म्हणजे भिंतीच्या पोटांत पोकळी राहते, विटा सुमारें पाव हिश्श्यानें वांचतात आणि ऊनही आंत कमी येतें. कांक्रीटच्या छपरांत ज्या भागास भार पेलावा लागत नाहीं तेथें टाकाऊ कौलें घालावयाचीं, म्हणजे सिमेंट वांचतें. विटांच्या जाळीनें खिडकीचें काम भागवावयाचें. अशा उपायांनीं त्यांनीं गरिबांचीं घरें बांधलीं आणि १९७१ मध्यें सुरू झालेल्या तेथील विकास अध्ययन केंद्राच्या इमारतीही उभारल्या. १९८९ सालीं ते भारताचे नागरिक झाले, १९९० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २००७ सालीं नव्वदाव्या वर्षीं ते निवर्तले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. गांवकऱ्यांस सर्व ठाऊक असतें. शहरांतल्या वास्तुविशारदानें तेथें जाऊन नुसतें हात जोडावे. परंतु प्रकरण इतकें सोपें नाहीं. हें समजण्यासाठीं दोन भूकंपांची तुलना करावी लागेल.

२० ऑक्टोबर १९९१ रोजीं गढवालांत उत्तरकाशीस भूकंप झाला. शास्त्रीय मापानें त्याची तीव्रता ६.८ होती, आणि त्यांत सातशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्याच जिल्ह्यांत यमुनेच्या खोऱ्यांत राजगढीच्या बाजूस चार-चार, पांच-पांच मजल्यांचीं जुनीं घरें आहेत. त्यांच्या भिंतींत दगडाच्या थरांबरोबर देवदाराचे लांब ओंडके घातलेले असतात आणि ते कोपऱ्यांत एकमेकांत अडकविलेले असतात. जमीन हालली म्हणजे दगड सुटे होऊं पाहतात, परंतु लाकडाची चौकट त्यांस धरून ठेवते. शेंकडों वर्षांचीं हीं घरें १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपांतून वांचलीं आणि १९९१ च्या भूकंपांतूनही वांचलीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून, थकूनभागून माणसें घरांत निजलीं होतीं. किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालचीं गांवें कांहीं सेकंदांत जमीनदोस्त झालीं. या भूकंपाची तीव्रता ६.२, म्हणजे उत्तरकाशीहून बरीच कमी. पण माणसें गेलीं सुमारें आठ हजार. भूकंप वस्तीच्या अगदीं जवळ झाला आणि वस्ती दाट होती, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण तेथील घर.

मराठवाड्यांतील माळवदाचें घर आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर जाडीचा थर. भोंवतीं काळ्या दगडांची, मातींत रचलेली रुंद भिंत. उन्हाळ्यांत हें घर गुहेसारखें गार. चोरास भिंत फोडवत नाहीं, आणि माळवदावर धान्य वाळत घालतां येतें. तेथल्या उन्हास, पावसास आणि गरजांस हें घर पुरेपूर उतरतें. परंतु त्या रुंद भिंतीच्या पोटांत एक उणीव होती. बाहेरून दगडांचा एक पदर, आंतून दुसरा पदर, आणि मध्यें दगडगोटे व माती यांचा भराव. या दोन पदरांस एकत्र बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बहुधा घातलेले नसत. जमीन हालतांच ते दोन पदर पुस्तकाच्या पुठ्ठ्यांप्रमाणें दोहों बाजूंस उघडले, आणि दगडमातीचे ढीग निजलेल्या माणसांवर आले. जेथें माळवदाचा भार भक्कम लाकडी सांगाड्यानें पेलला होता, तेथें कित्येक ठिकाणीं भिंत तेवढी ढांसळली आणि सांगाडा उभा राहिला.

उत्तरकाशीच्या गवंड्यास जें सुचलें तें किल्लारीच्या गवंड्यास कां सुचूं नये? तो कमी बुद्धीचा होता असें मुळींच नाहीं. हिमालयांत भूकंप पिढी-दोन पिढ्यांत पुन्हां पुन्हां येतो. जें घर पडलें तें कां पडलें हें बाप मुलास सांगूं शकतो. दख्खनचें पठार मात्र स्थिर मानलें जाई. एवढा हादरा किल्लारीच्या कोणत्याही आजोबाच्या स्मरणांत नव्हता. परंपरा जें वारंवार भोगते तेंच शिकते. ऊन, पाऊस, चोर, दुष्काळ हे मराठवाड्याच्या गवंड्याचे नित्याचे परीक्षक. त्यांच्या परीक्षेंत तो उत्तीर्ण होता. भूकंपाचा प्रश्न त्याच्या प्रश्नपत्रिकेंत कधीं आलाच नव्हता.

शिकलेल्या वास्तुविशारदाचें खरें काम येथें आहे, आणि त्याची खरी संधिही येथेंच आहे. गांवाच्या स्मरणांत जें नाहीं तें दुसऱ्या देशाच्या व दुसऱ्या काळाच्या स्मरणांतून आणून देणें, हें त्याच्यावांचून कोणास साधणार? आणि तें आणून देण्यास सबंध घर मोडावें लागत नाहीं. भिंतींत थोड्याथोड्या अंतरावर आरपार दगड घालणें, दारांखिडक्यांच्या माथ्यावरून सबंध घरास वेढणारा एक पट्टा बांधणें, छपरावरील मातीचा भार हलका करणें, हे उपाय त्याच दगडांत आणि त्याच गवंड्याच्या हातून होण्याजोगे आहेत.

भूकंपानंतर सरकारनें दोन्ही मार्ग अवलंबिले. ज्यांची पुरी वाताहत झाली अशीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. आणि ज्यांस कमी हानि पोंचली अशा इतर गांवांत, अनेक जिल्हे मिळून, दीड लाखांहून अधिक घरें जागच्या जागीं दुरुस्त व मजबूत करण्याचें काम हातीं घेतलें. नवीं गांवें थोड्या काळांत उभीं राहिलीं, आणि अनाथ झालेल्या माणसांस निवारा मिळाला, हें श्रेय त्या कामास दिलेंच पाहिजे. परंतु शहरांतल्या वसाहतीप्रमाणें आंखलेल्या सरळ, रुंद रस्त्यांवर घरें दूरदूर पडलीं. ओसरी, वाडा, गल्ली यांनीं बांधलेला शेजार विस्कटला. दगडाविषयीं लोकांच्या मनांत अशी धास्ती बसली कीं, जो दगड नीट बांधला असता तर रक्षक ठरला असता तो खुनी ठरला, आणि तो बांधण्याचें कसबही त्याबरोबर टाकाऊ झालें. पुढच्या पिढीचा गवंडी आजोबाच्या भिंतींतली उणीव कशी भरावी हें न शिकतां, आजोबाची भिंतच विसरला. आठ हजार प्राणांचें मोल देऊन जो धडा मिळाला, तो असा अर्धाच गिरविला गेला.

शेवटचें उदाहरण आफ्रिकेंतील आहे आणि तें मला शाळामास्तर म्हणून विशेष प्रिय आहे. बुर्किना फासो या गरीब देशांत गान्दो नांवाचें खेडें आहे. फ्रान्सिस केरे यांचा जन्म तेथें १९६५ सालीं झाला. गांवांत शाळा नव्हती, म्हणून लहानपणींच त्यांस घर सोडून परगांवीं शिकावयास जावें लागलें. तेथील वर्ग अंधारा, कोंदट आणि भट्टीसारखा तापलेला. पत्र्याच्या छपराखालीं वैशाखांत पाढे म्हणवून घेणें म्हणजे काय, हें ज्यानें केलें आहे त्यासच कळेल; दुपारीं मुलाच्या डोळ्यांत जी झांपड येते ती आळसाची नसून छपराची असते. केरे पुढें सुतारकाम शिकण्याकरितां जर्मनीस गेले, बर्लिनमध्यें वास्तुविद्या शिकूं लागले, आणि शिक्षण चालू असतांनाच त्यांनीं आपल्या गांवच्या शाळेसाठीं पैसा जमविण्यास आरंभ केला.

त्यांनीं मातीची शाळा बांधावयाचें ठरविलें तेव्हां गांवकरीच नाखूष झाले. मातीचें घर दर पावसाळ्यांत धुपतें. जर्मनीला जाऊन आलेला मुलगा पुन्हां मातीच काय सांगतो, असें त्यांस वाटलें. केरे यांनीं त्यांच्या शंकेस हंसून टाळलें नाहीं, कारण ती शंका अनुभवाची होती. त्यांनीं मातींत थोडें सिमेंट मिसळून दाबून विटा काढल्या. छपराचा पत्रा भिंतींपलीकडे पुष्कळ पुढें आणला, म्हणजे पावसाचा मारा विटांवर येऊं नये. वर्गावर आधीं विटांची तक्तपोशी केली आणि पत्रा तिच्यापासून बराच उंच, लोखंडी सळयांच्या जाळीवर धरला. पत्रा तापतो खरा, परंतु त्याच्याखालून वारा वाहतो, तक्तपोशींतील फटींतून वर्गांतली गरम हवा वर निघून जाते, आणि खालीं मुलें सावलींत बसतात. ती जाळी करण्याकरितां मोठीं यंत्रें आणलीं नाहींत. हातकरवत आणि जोडकामाचें लहान यंत्र चालविण्यास गांवच्या तरुणांसच शिकविलें. मुलांनीं पायासाठीं दगड गोळा केले, बायकांनीं पाणी वाहिलें. २००१ सालीं शाळा उभी राहिली. शिकलेले तरुण पुढें दुसरीकडेही कामास जाऊं लागले. २००४ सालीं या शाळेस आगाखान पारितोषिक मिळालें, आणि २०२२ सालीं वास्तुविद्येंतील सर्वोच्च समजलें जाणारें प्रित्झकर पारितोषिक केरे यांस मिळालें. आफ्रिका खंडांत जन्मलेल्या वास्तुविशारदास तें मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग.

गान्दोंत परंपरेची माती होती, तिच्यांतील उणीव ओळखणारें शिक्षण होतें, आणि पैसा ज्यानें जमविला त्याचा व गांवाचा हेतु एकच होता. फथींस हेतूची एकवाक्यता लाभली नाहीं, किल्लारींत उणीव वेळेवर कोणी सांगितली नाहीं, आणि नंतर सांगितली तेव्हां पुष्कळांनीं परंपराच टाकून दिली.

आतां हें सर्व शहरांतल्या आपणांस कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्यापैकीं कोणी सातपुड्यांतल्या शाळेस देणगी देतात, कोणी मेळघाटांतल्या किंवा भामरागडांतल्या दवाखान्याच्या मंडळावर असतात, कोणाचा मुलगा किंवा मुलगी आज वास्तुविद्या शिकत असेल. तिकडे कुडाच्या, बांबूच्या, मातीच्या भिंती अजून आहेत आणि त्या बांधणारे हातही आहेत. परंतु सार्वजनिक इमारत म्हटली कीं शहरांतल्या नकाशाचीच नक्कल तेथें नेण्याची संवय आपणांस जडली आहे. उन्हाळ्यांत तापणाऱ्या आणि पावसाळ्यांत गळणाऱ्या अशा खोल्या मीं माझ्या नोकरींत पाहिल्या आहेत, आणि दुपारच्या सुट्टीनंतर मुलें बाहेरच्या झाडाखालीं बसवून शिकविलें आहे. तेव्हां देणगीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं आपण तीन प्रश्न अवश्य विचारावे. ज्यांच्यासाठीं ही इमारत आहे त्यांनीं ती मागितली आहे काय? ती दुरुस्त करणारे हात त्या गांवांत आहेत काय, नसल्यास कोणास शिकविलें जाणार आहे? आणि तेथील जुन्या घरास कोणती परीक्षा द्यावी लागलेली नाहीं, याचा विचार कोणी केला आहे काय?

आणि चौथी गोष्ट विचारावयाची नसून करावयाची आहे. जो तरुण वास्तुविशारद अशा कामास जाण्यास तयार होईल त्याचें मानधन इमारतीच्या खर्चावर न बांधतां त्याच्या दिवसांवर आणि श्रमांवर बांधून द्यावें. बेकर यांच्यासारख्या त्यागाची अपेक्षा प्रत्येकाकडून करणें अन्यायाचें आहे; काटकसर करणाऱ्याचें नुकसान होऊं नये, एवढी व्यवस्था तरी आपल्या हातची आहे.